पॉवर काइटने उडी मारायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉवर काइट म्हणजे माणसाला ओढू शकणारा मोठा पतंग. त्याची ओढ एकदा खांद्यांत जाणवली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पाय जमिनीवरून सुटतील का? सुटतात. पण कसे सुटायचे हे लवकर कळतं आणि परत कसं यायचं हे शिकायला वेळ लागतो, म्हणून इथे दुसऱ्या गोष्टीवर जास्त लिहिलं आहे. ही उत्तरं मुख्यतः वाळूवर किंवा गवतावर उभं राहून मारायच्या उड्यांबद्दल आहेत. बहुतेकांची सुरुवात तिथेच होते, आणि चुकलं तर झेलायला तिथे पाणी नसतं.

उडी शिकायला मी तयार आहे का?

पतंगाकडे न बघता तो डोक्यावर स्थिर ठेवता येतो का, हे आधी तपासा. शेजारच्या माणसाशी बोलत राहायचं, समोरच्या मैदानाकडे बघायचं, आणि पतंग मात्र हातांच्या अंदाजावर जागेवर राहिला पाहिजे. हवेत असताना तुमची नजर जमिनीवर लागते. पतंग शोधायला मान वर करावी लागत असेल तर अजून वेळ आहे.

दुसरी कसोटी म्हणजे पतंग हवा तेव्हा, हव्या त्या जागी खाली उतरवता येणं. आणि तिसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: विचार न करता हातातून सोडून देता येणं. घाबरलेला माणूस मूठ आवळतो, सैल करत नाही. ही सवय उलटी करायला सराव लागतो. त्यामुळे प्रत्येक वेळी मैदानात गेल्यावर सुरुवातीला, कमी वाऱ्यात आणि छोट्या पतंगावर, मनगटाचे ब्रेक-पट्टे लावून (ते पुढे समजावले आहेत), पूर्ण ओढ असताना हँडल सोडून पाहा. पतंग शांतपणे खाली पडतो हे हातांना पटलं पाहिजे.

पतंग डोक्यावर असतो तेव्हा तर काहीच होत नाही. मग तो माणसाला उचलतो कसा?

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. समोर दिसणारं अर्धगोल आकाश ही पतंगाची 'विंड विंडो'. तिच्यावर घड्याळ कल्पा: डाव्या हाताला क्षितिजाशी ९, उजव्या हाताला ३, डोक्यावर १२. या कडेने पतंग फिरवला तर ओढ कमी असते. कडा सोडून तो समोर मध्यभागी, खाली आला की पॉवर झोन लागतो आणि ओढ एकदम वाढते.

ओढ दोन गोष्टींवर ठरते. पतंगाचं क्षेत्रफळ दुप्पट केलं तर ती दुप्पट होते. पण पतंगाला लागणारा वारा दुप्पट झाला तर ओढ चौपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि पतंगाला लागणारा वारा म्हणजे फक्त वाहणारा वारा नव्हे. पतंग स्वतः ज्या वेगाने हवा कापतो तोही त्यात मिळतो.

एक ढोबळ हिशोब करून बघू. ५ चौरस मीटरचा पतंग, ताशी २० किलोमीटर वारा. पतंग जागेवर उभा असताना ओढ साधारण ७-८ किलो वजनाइतकी येते. ७५ किलोचा माणूस उचलायला तिच्या जवळपास दहापट हवी. म्हणजे पतंगाला लागणारा वारा तिपटीहून थोडा जास्त, ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जायला हवा. इतका वारा वाहत नाही. पतंग वेगात पळवून तो निर्माण करावा लागतो. उडी म्हणजे हेच: पतंग बाजूला नेऊन वेगाने डोक्यावर आणायचा, म्हणजे तो माथ्याशी पोचताना वेग शिल्लक असतो आणि ओढीची दिशा वर असते.

याच हिशोबाची दुसरी बाजू म्हणजे पतंग डोक्यावर थांबला की ही जादा ओढ ओसरते. मग तुम्ही खाली येता. किती हळू येता हे वारा आणि तुमच्या हाताची पुढची हालचाल ठरवते.

माणूस उचलणारे पतंग ही नवी गोष्ट आहे का?

नाही. ब्रिस्टलचे शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२० च्या दशकातच खुर्चीत बसवलेल्या आपल्या मुलीला पतंगाने उचललं होतं. सॅम्युअल कोडी यांनी १९०१ मध्ये माणूस वाहून नेणाऱ्या पतंगांच्या रचनेचं पेटंट घेतलं. मात्र त्यांचे पतंग जोरदार वाऱ्यात जागेवर उभे राहून, मोठ्या संख्येने आणि मोठ्या आकारामुळे वजन पेलत. आज आपल्या हातात असतो तो कप्प्याकप्प्यांचा, वाऱ्याने फुगणारा कापडी पंख. त्याचं मूळ डोमिना जालबर्ट यांच्या १९६४ च्या पॅराफॉइलमध्ये आहे.

वारा किती असावा?

पहिल्या छोट्या उड्यांसाठी ताशी १५ ते २५ किलोमीटर, आणि तोही एकसारखा. बोफर्ट मापनात हा ३ आणि ४ क्रमांकाचा वारा येतो: पानं सतत हलत असतात, वरच्या टोकाला धूळ आणि कागद उडू लागतात. लहान झाडं डोलायला लागली की ५ क्रमांक सुरू झाला, म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटर. शिकणाऱ्याने त्या दिवशी उडी मारू नये. छोटा पतंग घेऊन नुसतं उडवायलाही मग अनुभव लागतो.

वेगमापक वापरत असाल तर एक लक्षात ठेवा. तुम्ही वारा मोजता छातीच्या उंचीवर आणि पतंग असतो २०-२५ मीटर वर. जमिनीचं घर्षण तिथे कमी पडतं, त्यामुळे वरचा वारा साधारण सव्वा ते दीडपट असू शकतो. हातात २० दिसले म्हणजे पतंगालाही २० च मिळतात असं समजू नका.

झोतकरी वाऱ्यात काय होतं?

माझ्या मते सगळ्या मोठ्या अपघातांची मुळं इथे आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

सरासरी वारा २० आणि झोत ३० चा, हे ऐकायला फारसं वाटत नाही. पण ओढ सव्वादोन पट होते. तुम्ही उडीसाठी पतंग आधीच वेगात आणलेला असताना हा झोत आला, तर जी उडी गुडघ्याएवढी व्हायची ती डोक्याएवढी होते. आणि झोतानंतर जी पोकळी येते, वारा पडतो, ती तुम्हाला नेमकी वरच्या टोकाला गाठते. नेलं झोताने, उतरवायला कोणी नाही.

म्हणून उडी मारण्याआधी पंधरा-वीस मिनिटं फक्त वारा बघत उभं राहायला हरकत नाही. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा टिपा. जास्तीचा आकडा कमीच्या दीडपटीहून मोठा असेल तर मी उडी मारत नाही आणि कोणाला मारूही देत नाही. मग आकाश कितीही निळं असो. भर दुपारी, जमीन तापलेली असताना, सपाट मोकळ्या जागेतही गरम हवेचे बुडबुडे वर उठतात आणि वारा ओबडधोबड होतो. समुद्राकडून किनाऱ्याकडे येणारा वारा त्या मानाने एकसंध असतो. मैदानात सकाळ किंवा संध्याकाळ बरी.

गडगडाटी ढग दूर दिसला तरी पतंग गुंडाळा. अशा ढगाच्या पुढे कित्येक किलोमीटर थंड हवेची लाट जमिनीलगत धावत येते, दिशा बदलते आणि वेग क्षणात दुप्पट-तिप्पट होतो. पाऊस पोचण्याची वाट बघणाऱ्याला ती आधी गाठते. वीज कोसळण्याचा धोका वेगळाच.

जागा कशी निवडायची?

वाऱ्याच्या दिशेने समोर किमान १०० मीटर आणि दोन्ही बाजूंना ५० मीटर रिकामं असावं. रिकामं म्हणजे माणसं, कुत्री, खांब, कुंपण, दगड, खड्डे, गाड्या यांपैकी काहीही नाही. विजेच्या तारा, रस्ता किंवा विमानतळ जवळ असेल तर ती जागा सोडून द्या. पतंगाच्या उंचीवर अनेक देशांत कायदेशीर मर्यादा आहे, ती आपापल्या ठिकाणी विचारून घ्या.

वाऱ्याच्या वरच्या बाजूला काय आहे हे लोक बघायचं विसरतात. झाडांची रांग, इमारत किंवा टेकडी तुमच्या पाठीमागे असेल तर तिच्यावरून येणारा वारा भोवरे घेऊन उतरतो. अडथळ्याच्या उंचीच्या दहापट तरी अंतर ठेवा. १० मीटर उंच झाडं असतील तर १०० मीटर, आणि जास्त जमलं तर उत्तम. टेकडीच्या उतारावर किंवा कड्याजवळ उडी नको. तिथे वारा वर चढतो आणि पतंगाबरोबर तुम्हालाही घेऊन जातो.

जमिनीबद्दल म्हणाल तर कोरडी, मऊ वाळू सर्वांत चांगली. भरती ओसरल्यावरची ओली, टणक वाळू गुळगुळीत दिसते पण पडल्यावर फरशीइतकीच लागते.

किती मोठा पतंग घ्यावा?

उडवायला शिकायला २ ते ३ चौरस मीटर. उड्यांसाठी बहुतेक मोठी माणसं पुढे ४ ते ५ वर जातात. पण आकड्यापेक्षा उपयोगी कसोटी अशी: पतंग डोक्यावर स्थिर ठेवा. तुमच्या टाचा आपोआप उचलल्या जात असतील तर हा पतंग या वाऱ्यात तुमच्यासाठी मोठा आहे. उतरवा आणि एक आकार खाली या. पतंग एका जागी थांबलेला असताना तुम्ही जड असायला हवे. ५० किलोच्या माणसाला हे ९० किलोच्या माणसापेक्षा खूप लवकर जाणवतं, त्यामुळे मित्राला जमतो तो पतंग तुम्हालाही जमेल असं धरून चालू नका.

आकारही बघा. लांबट, अरुंद पंखाचे पतंग जास्त उचलतात, वेगाने फिरतात, आणि तितक्याच सहज डोक्यावरून मागे जाऊन मिटतात. पहिल्या उड्यांना मध्यम लांबीचा, थोडा सुस्त पतंग घ्या. दुकानात तो कमी आकर्षक दिसतो हे खरं.

हँडल की बार? हार्नेस लावायचा का?

शिकताना चार दोऱ्यांची हँडल (दोन मुख्य दोऱ्या, दोन ब्रेकच्या), आणि मनगटाला ब्रेक-पट्टे, ज्यांना बरेच जण 'काइट किलर' म्हणतात. हँडल सोडलं की या पट्ट्यांना फक्त ब्रेकच्या दोऱ्या जोडलेल्या राहतात, पतंगाची मागची कडा ओढली जाते आणि तो ताकद टाकून मागे पडतो. पट्टे ब्रेकच्याच दोऱ्यांना लावले आहेत याची दरवेळी खात्री करा. मुख्य दोऱ्यांना लागले तर सोडून देण्याचा काही उपयोग होत नाही.

ताकद कमी-जास्त करता येणारे, बार (दोन्ही हातांनी धरायची आडवी दांडी) असलेले पतंग उत्तम आहेत, पण त्यांच्याकडून एक गैरसमज घेऊन येऊ नका. बार पुढे ढकलला की ओढ कमी होते, पूर्ण जात नाही. आणि घाबरलेला माणूस बारला लटकतो, म्हणजे तो अंगाकडे ओढतो, म्हणजे ताकद वाढते. बारने शिकायचं तर एका झटक्यात सुटणारी कडी हाताच्या सवयीत बसवल्याशिवाय उडीचा विषय काढू नका.

हँडलच्या पतंगाला हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्यात, अडकवून उड्या मारायला सुरुवात करणं मला मान्य नाही. हात दुखतात म्हणून लोक हार्नेस लावतात. शिकताना हात दुखायला लागले म्हणजे आजचा दिवस संपला.

अंगावर काय घालायचं?

हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंत येणारे घट्ट बूट, गुडघ्या-कोपरांचे संरक्षक, आणि शक्य असेल तर पाठीचा संरक्षक. यातलं काहीही उंची वाढवण्याचा परवाना नाही.

पहिली उडी टप्प्याटप्प्याने कशी घ्यायची?

पतंग हातात घेण्याआधी गुडघ्याएवढ्या ओट्यावरून वाळूत उड्या मारा. दोन्ही पाय जवळ, गुडघे किंचित वाकलेले, आणि टेकताना अंग पिंडरी, मांडी, कुल्हा या क्रमाने एका बाजूला लोळू द्या. दोन्ही बाजूंना करा. कंटाळवाणं वाटेल, तरी करा.

मग पतंग घेऊन लांब ढांगा. पतंग ११ आणि १ च्या मध्ये सावकाश हलवत ठेवायचा आणि वाऱ्याच्या दिशेने चालायचं. पतंग १२ वरून जाताना अंग हलकं होतं. त्या क्षणी पाऊल टाकलं की ढांग नेहमीपेक्षा लांब पडते. चांद्रपावलं म्हणतात तसं. उंची वीतभर, पण उडीतला सगळा ताल यात आहे: हलकं कधी वाटतं, ते किती टिकतं, पतंग कुठे असताना जड वाटू लागतं. हा टप्पा अनेक दिवस करा. मला विचाराल तर पॉवर काइटचा सगळ्यात शुद्ध आनंद इथेच आहे, आणि कित्येक जण इथेच सुखाने थांबतात.

ढांगा जमल्या, वारा एकसारखा आहे, समोर मैदान मोकळं आहे. आता पतंग हळूहळू साडेदहापर्यंत खाली आणा. अंग मागे टाका, टाचा रोवा, दोऱ्या ताणलेल्या ठेवा. मग पतंग निश्चयाने १२ कडे वळवा, पण वरच्या कडेने. खालून, पॉवर झोनमधून आणला तर ओढ वर न जाता आडवी लागते आणि तुम्ही तोंडावर फरफटता.

पतंग साडेअकराच्या आसपास पोचला की वजन पायांवरून निघून जातंय असं वाटेल. तेव्हाच जमीन सोडा. पायाने जोर लावून आधी उडी मारली तर दोऱ्या सैल होतात आणि पतंग काहीच उचलत नाही. तो वजन घेतो, तुम्ही फक्त जाऊ द्यायचं.

आणि लगेच, पाय सुटल्याबरोबर, पतंगाला उलट्या बाजूचा इशारा द्या, म्हणजे तो १२ किंवा साडेबाराशी थांबेल. नवशिक्यांच्या उड्या बिघडतात त्या इथे: वर गेल्याच्या आनंदात हात तसाच राहतो, पतंग दोन-तीनकडे निघून जातो, आणि वर धरणारं काही उरत नाही. पाठवणं आणि परत बोलावणं ही एकाच हालचालीची दोन अंगं आहेत, ती जमिनीवर पाय ठेवूनच आधी पक्की करा.

शिकताना किती उंच जावं?

पतंगाने मध्येच साथ सोडली तर जिथून पडूनही पाय धड राहतील, तेवढंच. मी हा नियम शिकणाऱ्यांपुरता ठेवत नाही.

कारण आकडे बघा. पतंगाचा काहीच आधार नसेल तर १ मीटरवरून पडताना जमिनीशी वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर होतो. २ मीटरवरून साडेबावीस, ३ मीटरवरून सुमारे २८, ५ मीटरवरून जवळपास ३६. यात वाऱ्याने दिलेला आडवा वेग वेगळा मिळवायचा. ३ मीटर म्हणजे एका मजल्याची उंची. सायकलवरून पूर्ण वेगात भिंतीला धडकण्याएवढा तो आघात होतो आणि तो टाचा, गुडघे आणि कणा यांच्यावर येतो.

तुमची उंची वारा ठरवतो, तुम्ही नाही. म्हणून गुडघ्याएवढी उडी ठरवून मारा, म्हणजे वाऱ्याने ती कमरेएवढी केली तरी चालेल.

उतरताना नेमकं काय करायचं?

पतंग डोक्यावर, किंचित तुम्ही जाताय त्या बाजूला. नजर वीस-एक मीटर पुढे जमिनीवर. पायांखाली बघितलं की गुडघे ताठ होतात. तोंड प्रवासाच्या दिशेला वळवा. आडवे उतरलात तर घोटा आणि गुडघा मुरगळतो, कारण पाय थांबतात आणि अंग वाऱ्याबरोबर पुढे जात राहतं.

टेकल्यावर थांबायचा प्रयत्न करू नका. दोन-चार पावलं पळा, मग पतंग कडेला घेऊन ओढ काढून टाका. पळणं जमणार नाही असं दिसलं तर ओट्यावरचा सराव आठवा, पाय जवळ घ्या आणि लोळा. हात पुढे टेकू नका.

टेकण्याच्या जरा आधी पतंगाला पुढच्या बाजूला थोडी डुबकी देऊन उतरणं मऊ करता येतं. ही युक्ती चांगली आहे, पण वेळ चुकून डुबकी लवकर दिली तर पतंग खाली जातो आणि वरचा आधार नेमका नको तेव्हा संपतो. गुडघ्याएवढ्या उडीला तिची गरज नाही. तीच गोष्ट ब्रेकची. दोन्ही ब्रेक हलके ओढून पतंगाला क्षणभर जास्त धरायला लावता येतं. थोडे जास्त ओढले गेले तर तो हवा सोडून मागे पडतो. सुरुवातीला ब्रेकना हात लावू नका.

व्हिडिओत लोक इतका वेळ तरंगतात. माझी उडी लगेच का संपते?

ते लोक बहुधा पाण्यावर असतात. पायांखालच्या बोर्डाची (फळीची) कड पाण्यात रोवून ते वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जोर धरतात, वेगात असतात, आणि तो वेग घेऊन वर जातात. केपटाउनच्या 'किंग ऑफ द एअर' स्पर्धेत दिसणाऱ्या उड्या अशाच. पाण्यावरच्या उड्यांच्या नोंदी आता ३० मीटरच्या पुढे गेल्या आहेत.

उभ्या जागेवरून उडी मारणाऱ्याकडे असा साठा नसतो. पाय जमिनीवर होते तोवर तुम्ही पतंगाचा, जहाजाला असतो तसा, नांगर होता. पाय सुटले की नांगर सुटला. तुम्ही आणि पतंग दोघंही वाऱ्याबरोबर वाहू लागता. वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या पतंगाला वारा कमी लागतो, म्हणून ओढ झपाट्याने उतरते. हे तुमच्या कौशल्यातलं उणं नाही. मात्र ते भरून काढायला मोठा पतंग किंवा जोराचा वारा घेणं म्हणजे उंची वाढवून आधार तेवढाच ठेवणं, आणि हा सौदा शरीराला परवडत नाही.

हवेत असताना पतंग मिटला तर?

तर पडायचं आहे, आणि म्हणून उंचीचा नियम. डोक्यावरून मागे जाऊन पतंगाची पुढची कडा दुमडते, बहुधा वारा अचानक पडल्यामुळे किंवा तुम्ही त्याच्याकडे धावल्यामुळे. जमिनीवर उभे असताना हे झालं तर मागे पावलं टाका, ब्रेक क्षणभर ओढून दोऱ्या ताणून घ्या. दुसरा धोका त्यानंतर येतो: मिटलेला पतंग खाली घरंगळत पॉवर झोनमध्ये उघडतो आणि एकदम झटका देतो. उघडण्याआधी हँडल सोडून देणं हाच मला शहाणपणाचा मार्ग वाटतो.

नको असताना उचललं गेलो तर सोडायचं कधी?

पहिल्याच क्षणी. पाय सुटायच्या आत, किंवा फार तर गुडघ्याएवढ्या उंचीवर. "बघू, सावरता येतंय का" या एका सेकंदात तीन-चार मीटर होतात.

एकदा वर गेलात की नियम उलटतो. उंचावर सोडू नका. पतंग डोक्यावर धरून ठेवा, शांतपणे चालवत राहा, खाली या, आणि पाय टेकण्याच्या बेतात सोडून द्या. म्हणजे वर जाण्याआधी सोडायचं, वर गेल्यावर धरायचं. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाठ करण्याजोगी आहेत, कारण प्रत्यक्षात विचाराला वेळ मिळत नाही.

मित्राने मागून धरून ठेवलं, किंवा गाडीला दोर बांधला, तर?

दोन्ही कधीही नाही. मागून धरणारा मित्र तुमच्याबरोबर उचलला जातो, आणि त्याच्या हातात सोडण्यासाठी काही नसतं. गाडी, खांब, झाड यांना स्वतःला किंवा पतंगाला बांधणं त्याहून वाईट. मघाचा नांगर आठवा: न सुटणारा नांगर मिळाला की पतंगाची ओढ कमीच होत नाही, झोत आला की तो तुम्हाला वर फेकतो आणि मग तिथून आपटतो. अशा प्रकारांत माणसं मेली आहेत.

मित्राचं खरं काम म्हणजे मैदानात येणाऱ्यांना अडवणं, वारा आणि आकाश बघणं, आणि गरज पडली तर खाली पडलेल्या पतंगावर बाजूने जाऊन वाळू टाकणं किंवा ब्रेकची दोरी ओढणं. ताणलेल्या मुख्य दोऱ्यांना त्याने हात लावू नये.

दोऱ्यांचं इतकं काय?

डायनीमासारख्या तंतूंच्या बारीक दोऱ्या पोलादी तारेसारखं वजन पेलतात आणि ताण असताना कातडी सहज कापतात. हात, बोटं, पाय त्यांच्या विळख्यात येऊ देऊ नका. पडलेल्या दोऱ्यांवरून चालू नका. घर्षणाच्या उष्णतेपुढे मात्र त्या कच्च्या असतात, सुमारे १५० अंशांना वितळतात, म्हणून दुसऱ्याच्या दोरीवर आपली दोरी घासली की क्षणात तुटते. शेजारी कोणी पतंग उडवत असेल तर उडी नको.

उडीच्या दिवशी चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून लांबी जुळते का बघा. मुख्य दोऱ्या जास्त ओढ सहन करून लांबतात. पतंग एका बाजूला खेचू लागतो किंवा ब्रेक न ओढताच लागून राहतो. खरवडलेली दोरी दिसली तर गाठ मारून चालवू नका, बदला.

पाण्यावर शिकणं जास्त सुरक्षित नाही का?

पडण्याच्या दृष्टीने, हो. ज्यांना खरोखर उंच जायचं आहे त्यांनी त्याच वाटेने जावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण पाणी स्वतःचे धोके आणतं: किनाऱ्यापासून समुद्राकडे वाहणारा वारा, प्रवाह, अंगाभोवती गुंडाळलेल्या दोऱ्या. त्यासाठी पतंगही वेगळा लागतो, पाण्यातून पुन्हा उठणारा. प्रशिक्षित शिक्षकाकडेच जा. आयकेओसारख्या (आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटना) संस्था शिक्षकांना प्रमाणपत्र देतात. आणि किनाऱ्यालगत गुडघाभर पाण्यात उडी म्हणजे जमिनीवरचीच उडी समजा.

पडल्यावर पाठ किंवा टाच दुखते आहे. थोडं थांबून परत उडवू का?

नाही. उंचावरून पायांवर पडल्यावर टाच मोडलेली असेल तर डॉक्टर कणाही तपासतात, कारण एकच आघात दोन्हीकडे पोचतो. पाठीच्या मणक्यात दुखत असेल, पायांत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर उठून बसू नका; सोबत्याने हलवू नये, रुग्णवाहिका बोलवावी. नुसती टाच दुखत असली तरी त्याच दिवशी तपासून घ्या. पतंग आधी सोबत्याकडून पूर्ण गुंडाळून घ्या, कारण जखमी माणसाशेजारी पडलेला पतंग पुन्हा वारा भरून उठू शकतो.

मुलांना उडी मारू द्यावी का?

नाही. वजन कमी असल्याने त्यांना उचलायला फार कमी वारा पुरतो आणि हाडं अजून वाढत असतात. दीड-दोन चौरस मीटरचा पतंग, हलका वारा आणि हात सोडायची सवय, एवढं त्यांना आनंदाने शिकवा. मोठ्यांचा पतंग "एक मिनिट धर" म्हणून त्यांच्या हातात देऊ नका, तो डोक्यावर शांत उभा असला तरीही.